शोकाचा अधिकार : ‘द फिंक्लर क्वेश्चन’ या कादंबरीविषयी

अंत्यविधीच्या प्रसंगी आपण धर्मगुरू शोकाची भाषा किती सहजतेने वापरतो, याची जाणीव मला अलीकडे एका इंग्रजी कादंबरीने करून दिली. कादंबरी यहूदी लेखकाची आहे, लंडनमध्ये घडते, आणि विशेष म्हणजे ती विनोदी आहे. हॉवर्ड जेकबसन यांच्या ‘द फिंक्लर क्वेश्चन’ला २०१० साली मॅन बुकर पारितोषिक मिळाले. ज्या तीन मित्रांच्या स्मृतीस ती अर्पण केली आहे, ते तिघेही आदल्या वर्षी, २००९ मध्ये, निवर्तले होते. अर्पणपत्रिका वाचून मगच पहिल्या प्रकरणाकडे वळावे, म्हणजे या विनोदाचा ओलावा ध्यानी येतो.

कथेतही तीन मित्रच आहेत. लिबोर हा चेकोस्लोव्हाकियातून आलेला, नव्वदीकडे झुकलेला वृद्ध. सॅम फिंक्लर हा लोकप्रिय तत्त्वज्ञ, दूरचित्रवाणीवर झळकणारा. आणि ज्युलियन ट्रेस्लव्ह हा नभोवाणीची नोकरी सुटलेला, कोणा प्रसिद्ध पुरुषासारखा दिसतो म्हणून समारंभांतून भाड्याने मिरवणारा गृहस्थ. पहिले दोघे यहूदी आहेत व नुकतेच विधुर झाले आहेत. ट्रेस्लव्ह यहूदी नाही, विधुर नाही, विवाहितही नाही. तरी लिबोरच्या घरच्या भोजनानंतर सर्वांत जड अंतःकरणाने तोच बाहेर पडतो. वाटेत व्हायोलिनच्या दुकानापाशी एक स्त्री त्याला लुटते आणि काहीतरी पुटपुटते. पुष्कळ विचारांती त्याची खात्री होते की तिने आपल्याला ‘यहूदी’ म्हटले. त्या क्षणापासून तो यहूदी होऊ लागतो.

ट्रेस्लव्ह मनातल्या मनात सर्व यहूद्यांना ‘फिंक्लर’ म्हणतो, कारण त्याला भेटलेला पहिला यहूदी तो. कादंबरीचे नाव येथून आले आहे. एका मित्राचे नाव साऱ्या जातीला चिकटवले, की मित्र दिसेनासा होतो. ट्रेस्लव्हच्या प्रेमाचा दोष हाच. त्याला फिंक्लरचे दुःख हलके करायचे नाही. ते स्वतःला हवे आहे. ऑपेरातल्या नायिकेप्रमाणे आपल्या बाहूंत कोणी प्राण सोडावा, ही त्याची जुनी स्वप्नरंजकता. लिबोरचा अर्धशतकाहून दीर्घ संसार, मालकीच्या मृत्यूनंतरचे त्याचे रिकामे घर, हे सारे त्याला हेवा करण्याजोगे वाटते. मित्राच्या शोकाचा हेवा! आणि ज्या टायलरसाठी फिंक्लर शोक करीत आहे, तिच्याशी याचे गुप्त संबंध होते, हे लेखक आपल्याला बेतानेच कळू देतो.

हे वाचताना मला पूर्वी केलेला एक दफनविधी आठवला. तरुण विधवेला मी म्हणालो, “बाई, तुमचे दुःख मी जाणतो.” तिने डोळे वर करून केवळ इतकेच विचारले, “फादर, आपण जाणता?” मी प्रार्थनापुस्तक उघडले. ईयोबाचे तीन मित्र पहिले सात दिवस भुईवर मुकाट बसले होते; त्यांचे चुकले ते त्यानंतर, बोलू लागल्यावर.

आपल्या ख्रिस्तसभेचा यहूद्यांशी असलेला संबंधही येथे तपासावा लागतो. गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतील यहूद्यांना उद्देशून असलेले ‘अविश्वासू’ हे लॅटिन विशेषण १९५९ मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी काढून टाकले, आणि १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात द्वेषाचा निषेध केला. द्वेष ओळखता येतो. प्रेमातला हक्क ओळखणे कठीण. कोकणातील मराठीभाषी बेने इस्राएल लोकांसाठी एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, त्यांना हिब्रू शिकविले, जुना करार मराठीत त्यांच्या हाती दिला. ती सेवा खरीच होती, पण तिच्या पोटात अपेक्षा होती. बहुतेक बेने इस्राएल यहूदीच राहिले, आणि अधिक जाणते यहूदी झाले. संत पौलाने रोमकरांना लिहिताना रानटी जैतुनाच्या कलम केलेल्या फांदीला जी समज दिली, ती ट्रेस्लव्हला लागू पडते तशी आपल्यालाही.

सर्वच पृष्ठे सारख्या तोलाची नाहीत. इस्राएलच्या धोरणाची लाज बाळगणाऱ्या यहूद्यांची एक मंडळी फिंक्लर गाठतो. तिच्यावरील उपहास लांबतो आणि एकांगी होतो. अशा लोकांच्या मनातही खरी नैतिक वेदना असू शकते, हे लेखक क्षणभरही मान्य करीत नाही. स्त्रियांना त्याने थोडी जागा दिली आहे. टायलर ही धर्मांतर करून यहूदी झालेली, पतीपेक्षा त्या धर्माचा अधिक गंभीरपणे विचार करणारी. कलम केलेल्या फांदीची खरी कथा तिची होती, ती निसटली.

लिबोरची गोष्ट मात्र कुठेच ढळत नाही. यहूदी म्हणून झालेल्या हल्ल्यात आपल्या नातवाची दृष्टी गेली, असे सांगत जुनी मैत्रीण मदत मागते, आणि या वृद्धाजवळ द्यायला काही उरलेले नसते. पुढे तो बीची हेडच्या कड्यावरून स्वतःला झोकून देतो. लेखक त्याचा न्याय करीत नाही. शिक्षा म्हणून अशा मृतांना ख्रिस्ती दफन नाकारण्याचा काळ ज्यांनी ऐकून का होईना ठाऊक करून घेतला आहे, त्यांनी ही पृष्ठे सावकाश वाचावीत.

त्यानंतर फिंक्लर, जो आजवर लाजेची जाहीर भाषणे करीत आला, मित्रासाठी कद्दिश म्हणू लागतो. ही प्रार्थना मुख्यतः अरामी भाषेत आहे. ती म्हणायला दहा जणांची सोबत लागते. आणि तिच्यात मृत्यूचा उल्लेख नाही, केवळ देवाच्या नामाचे स्तवन आहे. नेमलेले दिवस संपतात, त्याचा शोक संपत नाही. ट्रेस्लव्ह या प्रार्थनेच्या बाहेरच उरतो.

कादंबरीत कामुक प्रसंग व असभ्य शब्द पुष्कळ आहेत. पॅरिशच्या वाचनालयात ती ठेवावी असे मी सुचविणार नाही. परंतु सेमिनरीत अंत्यविधीचा पाठ सुरू करण्यापूर्वी लिबोरच्या घरचे ते भोजन आणि अखेरची काही पृष्ठे विद्यार्थ्यांसमवेत वाचावीत. मधल्या सभा-चर्चा गाळल्या तरी चालतील.