वसईच्या शिळा आणि आपले पूर्वज

एकोणिसाव्या शतकातील पूर्वजांची कबर शोधणाऱ्या वर्सोव्याच्या वाचकाने डॉ. जर्सन डा कुन्हा यांचा चौल व वसईवरील १८७६ चा इंग्रजी ग्रंथ मोठ्या आशेने उघडला, तर त्याची निराशा होईल. दोष विद्वत्तेचा नव्हे. वसई किल्ल्यातील पडक्या चर्चांमधील थडग्यांवरचे लेख त्यांनी साक्षेपाने नोंदवले; शिळा झिजत चालल्या असता हे उपकारच म्हणावेत. परंतु त्या शिळांखाली निजले आहेत ते मुख्यतः १७३९ पूर्वीचे पोर्तुगीज मानकरी. ग्रंथ छापला जात होता त्याच काळात आमचे कोळी, शेतकरी आजेपणजे मातीआड होत होते. (‘ईस्ट इंडियन’ हे नाव समाजाने घेतले ते पुढे, १८८७ साली.) त्यांच्याकडे लेखकाची दृष्टी वळली नाही, हे मला खटकते.

गरिबाचा लाकडी क्रूस काही पावसाळ्यांत कुजतो. कबरीची जागाही पुन्हा वापरली जाते. म्हणून शोध घ्यावा तो चर्चच्या मृत्यूनोंदवहीत. जुनी वही बहुधा पोर्तुगीज भाषेत असते. शिवाय पाद्रोआदो व प्रोपगंडा या दोन अधिकारक्षेत्रांचा वाद १९२८ पर्यंत रेंगाळल्यामुळे आपल्या माणसाची नोंद शेजारच्या चर्चमध्येही असू शकते. तेथे दोन-तीन ओळींत मृताचे नाव, दिवस आणि दफनाची जागा लिहिलेली आढळते.