भविष्याचा स्वर : आर्थर ब्लिस यांचे ‘थिंग्ज टु कम’

चित्रपटाचे संगीत चित्रपटापासून वेगळे काढून ऐकले, तर त्यास स्वतंत्र कलाकृती म्हणता येईल काय? बहुतेक समीक्षक या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी देतील, आणि पुष्कळ वेळा ते बरोबरही ठरतील. चित्र पुरे झाल्यावर सेकंदांच्या हिशेबाने बेतून दिलेल्या सुरावटीला स्वतःचा असा घाट क्वचितच लाभतो. परंतु ‘थिंग्ज टु कम’ (१९३६) या चित्रपटासाठी आर्थर ब्लिस या इंग्रज संगीतकाराने जे वाद्यवृंदसंगीत रचले, त्याच्या बाबतीत हा क्रमच उलटा होता. साहजिकच प्रश्नही थोडा निराळ्या रीतीने विचारावा लागतो.

एच. जी. वेल्स यांचा ‘द शेप ऑफ थिंग्ज टु कम’ हा ग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध झाला. त्यावरून चित्रपट काढण्याचे अलेक्झांडर कोर्डा यांनी ठरविले. पटकथा स्वतः वेल्स यांनी लिहिली, दिग्दर्शन विल्यम कॅमरॉन मेंझीस यांच्याकडे गेले. ब्लिस यांचे संगीतविषयक व्याख्यान ऐकून वेल्स यांनी त्यांची निवड केली, आणि संगीत हे मागाहून चिकटवायचे अस्तर नसून मूळ आराखड्याचाच भाग असले पाहिजे असा आग्रह धरला. संगीताचा मोठा भाग त्यामुळे आधी तयार झाला. १९३५ मध्ये लंडनच्या ‘प्रॉम्स’ मैफलीत त्याची वाद्यवृंदमालिका वाजलीसुद्धा. म्हणजे जे अद्याप कोणी पाहिले नव्हते, ते श्रोत्यांनी आधी ऐकले होते.

ही योजना शेवटपर्यंत टिकली असे मात्र नाही. संकलकाच्या कात्रीने आपला हक्क बजावला, आणि संगीताला चित्रापुढे मान तुकवावी लागली. नव्या जगाच्या उभारणीच्या प्रसंगाविषयी वेल्स यांनी घेतलेली हरकत तर मोठी मार्मिक आहे. भविष्यकाळातील यंत्रे आवाज करणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. नि:शब्दतेला ध्वनिरूप कसे द्यावे? अनुवादकाला ही अडचण अपरिचित नाही. मूळ लेखक संहितेतील शब्दांकडे बोट दाखवीत नाही, मनातल्या अर्थाकडे दाखवितो, आणि तो अर्थ दुसऱ्या भाषेत आणावयाचा म्हणजे काहीतरी बोलावेच लागते. ब्लिस यांनीही या प्रसंगाला घणाघाती गती दिली, आणि ते योग्यच केले.

या मालिकेतील खरी श्रेष्ठ रचना म्हणजे तिच्यातील ‘मार्च’. खालच्या सप्तकात एक जड पाऊल पुन:पुन्हा पडत राहते. आपल्याकडील श्रोत्याला तबलावादनाच्या साथीचा लेहरा आठवावा, इतकी ही पुनरावृत्ती अढळ आहे; पण लेहरा वादकाला आधार देतो, येथे तीच पुनरावृत्ती वरच्या सुरावटीला फरफटत नेते. सैन्याच्या संचलनात असावयास हवा तो उत्साह या रचनेत नाही असे नाही. तो आहे, आणि तोच भयंकर वाटतो. चित्रपटात नाताळच्या रात्री युद्ध भडकते. खेळण्यातला ढोल वाजवीत एक लहान मूल चालते, आणि त्याच्या पाठीमागे कूच करणाऱ्या सैनिकांच्या प्रचंड सावल्या सरकतात. मालिकेतील मुलांसाठीचे हलकेफुलके नृत्यसंगीत आणि हा मार्च शेजारीशेजारी ऐकले म्हणजे मर्ढेकरांनी सांगितलेल्या विरोधलयीचा प्रत्यय येतो. तो पडद्यावाचूनही येतो, हे येथे महत्त्वाचे.

हा मार्च ज्याने रचला तो पहिल्या महायुद्धात स्वतः लढलेला होता. सोमच्या लढाईत तो जखमी झाला, पुढे विषारी वायूनेही ग्रासला गेला. धाकटा भाऊ केनर्ड १९१६ मध्ये मारला गेला. त्याच्या व इतर सहकाऱ्यांच्या स्मृतीसाठी ब्लिस यांनी १९३० साली ‘मॉर्निंग हीरोज’ ही रचना केली होती. चरित्रातून कलाकृतीचा अर्थ काढणे धोक्याचे असते, हे मान्य आहे. तरीही वेल्स यांचे युद्ध हे एका सिद्धान्तातील आवश्यक पायरी होते, ब्लिस यांचे तसे नव्हते, एवढे म्हणावयास हरकत नसावी. पटकथा युद्धाला ओलांडून पुढे जाते. संगीत तेथेच घुटमळते.

म्हणूनच ‘उपसंहार’ ऐकताना प्रस्तुत लेखकाचे समाधान होत नाही. चित्रपटात हा काळ २०३६ चा. प्रचंड तोफेतून दोन तरुण जीव चंद्राच्या दिशेने सोडले जातात, आणि विश्व की शून्य, असा प्रश्न अखेरीस समूहगान विचारते. सुरावट विशाल आहे, उदात्त आहे. पण ती एल्गारच्या काळातील राजसमारंभाची आहे. उद्याच्या मानवाला कालच्या दरबारी भाषेत बोलावयास लावले आहे. पुढे १९५१ मध्ये बर्नार्ड हरमन यांनी ‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’साठी दोन थेरेमिन योजले, १९५६ च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’मध्ये लुई व बेबे बॅरन यांनी वाद्यवृंदच दूर सारून विद्युत्-ध्वनींवर भिस्त ठेवली. ब्लिस यांना तसे करणे सुचले नाही, असा आक्षेप घेता येईल. परंतु केवळ वाद्य नवे असल्याने आशय नवा होत नाही. या तीन चित्रपटांपैकी भविष्याची खरी धास्ती मला वाटली ती जुन्याच वाद्यांवर वाजणाऱ्या त्या मार्चमध्ये.

चित्रपटासाठी वाजलेल्या मूळ स्वरलिपीचा बराचसा भाग पुढे हरवला. फिलिप लेन यांनी त्याची पुनर्रचना केली, आणि रुमॉन गाम्बा यांच्या संचालनाखाली बीबीसी फिलहार्मोनिकने ती ध्वनिमुद्रित केली. मालिकेपुरतेच ज्यांनी हे संगीत ऐकले असेल, त्यांनी महामारीच्या प्रसंगाचे संगीत या मुद्रणात अवश्य ऐकावे. रोग्याला पाहताच गावकरी त्याच्यापासून दूर सरतात, आणि वाद्यवृंदाचा आवाज दबत दबत जवळजवळ कुजबुजीवर येतो.