ताण, दुःख आणि मधली कडी

पालि वाङ्मयात ‘योग’ हा शब्द दोन परस्परविरुद्ध अर्थांनी येतो. अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातात काम, भव, दिट्ठि आणि अविज्जा असे चार योग सांगितले आहेत. तेथे योग म्हणजे मानेवरचे जोखड. या जोखडांपासून लाभणारी निर्भयता ती ‘योगक्खेम’, आणि ते निब्बानाचेच एक नाव आहे. याउलट सच्चसंयुत्तात, ‘हे दुःख आहे’ असे यथार्थ जाणण्यासाठी योग करावा, हा उपदेश पुनःपुन्हा येतो. तेथे योग म्हणजे नेटाने केलेला प्रयत्न. बंधनालाही तोच शब्द आणि बंधन तोडण्याच्या खटपटीलाही तोच. ‘ताणमुक्तीसाठी योग’ या नावाने आज कार्यालयांतून, शाळांतून, आणि आता काही विहारांतूनही जे शिकविले जाते, ते यांपैकी कशात मोडते, हा या लेखाचा विषय आहे.

ही चिकित्सा हवेत होऊ नये म्हणून एक ग्रंथ समोर ठेवतो. जॉन कबात-झिन यांचा ‘फुल कॅटॅस्ट्रॉफी लिव्हिंग’ हा ग्रंथ १९९० साली प्रसिद्ध झाला; त्याला थिच न्हात हान्ह यांचे प्रास्ताविक आहे, आणि २०१३ साली त्याची सुधारित आवृत्तीही निघाली. मूळचे रेण्वीय जीवशास्त्राचे अभ्यासक असलेल्या या लेखकाने १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताणनिवारणाचे एक चिकित्सालय सुरू केले. आठ आठवड्यांचा हा क्रम आहे. शरीराच्या एकेका अवयवावर क्रमाने लक्ष नेणे, बसून श्वासाचे अवलोकन करणे आणि हठयोगातील सौम्य आसने ही त्याची तीन प्रमुख अंगे. औषधांनी बरी न होणारी जुनाट दुखणी घेऊन आलेल्या रुग्णांना तेथे आराम पडला. हे नाकारण्याचे कारण नाही आणि नाकारणे हा करुणेचा धर्मही नव्हे.

योगाकडे उपचार म्हणून पाहण्याची दृष्टी अमेरिकेतून आली, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली, तेव्हाच आसन-प्राणायामांचे शरीरावरील परिणाम प्रयोगशाळेत तपासण्यास आरंभ झाला होता.

शरीराला बरे वाटणे ही गोष्ट तिपिटकालाही तुच्छ वाटत नाही. चुल्लवग्गात कथा आहे की, वेसालीत गोडधोड भोजनाच्या पंगती लागल्या आणि भिक्खू स्थूल होऊन आजारी पडू लागले. तेव्हा वैद्य जीवकाने भगवंतांना चंकमासाठी व उष्ण स्नानगृहासाठी अनुज्ञा मागितली आणि ती मिळाली. अंगुत्तरनिकायात चंकमाचे पाच लाभ सांगितले आहेत. प्रवासाची व परिश्रमाची क्षमता, निरोगिता आणि अन्नाचे पचन हे त्यांतले चार. चंकमाने साधलेली समाधी दीर्घकाळ टिकते, हा पाचवा. पाठ दुखते म्हणून तथागतांनी पुढील धम्मकथा सारिपुत्ताकडे किंवा आनंदाकडे सोपविल्याचेही उल्लेख आहेत. उलट, दातांवर दात दाबून, जीभ टाळूला लावून, श्वास कोंडून केलेल्या उग्र साधनेचे वर्णन महासच्चकसुत्तात येते. त्यातून तीव्र मस्तकशूळ आणि पोटात कापल्यासारख्या वेदना तेवढ्या हाती लागल्या, आणि बोधिसत्त्वाने तो मार्ग सोडला. तेव्हा शरीराला छळू नये याविषयी कबात-झिन आणि आपण यांच्यात वाद नाही.

वाद सुरू होतो तो ‘दुःख’ या शब्दापाशी. इंग्रजीतील ‘स्ट्रेस’ हा शब्द मूळचा पदार्थविज्ञान व स्थापत्य यांतला. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली उंदरांवरील आपले प्रयोग एका छोट्या टिपणात मांडले; थंडी असो वा विष, शरीराची प्रतिक्रिया एकाच ठरावीक पद्धतीची होते, असे त्याला दिसले. पुढे ‘स्ट्रेस’ ही संज्ञा रूढ झाली ती याच कल्पनेसाठी. पुढे थानिस्सरो भिक्खू यांच्यासारख्या साक्षेपी अनुवादकानेही ‘दुक्ख’ शब्दासाठी ‘स्ट्रेस’ हाच प्रतिशब्द वापरला. त्यामागे विचार आहे: मरणाच्या शोकापासून ध्यानातील अतिसूक्ष्म अस्वस्थतेपर्यंत सारे सामावेल असा शब्द त्यांना हवा होता. इंग्रजीत तो कितपत चालतो याचा निर्णय इंग्रजी वाचकांनी करावा. मराठीत मात्र ‘ताण’ हा शब्द चालणार नाही. ताण पडतो तो माणसावर, बाहेरून. आणि तो उतरतोही. पंचुपादानक्खन्ध हेच दुःख, असे पहिल्या प्रवचनात म्हटले आहे. ते काही कुणावर पडलेले ओझे नव्हे. सुट्टीच्या दिवशी ताण नसतो. दुःखाला सुट्टी नाही.

आणखी एक अडचण आहे. ताण हा व्यक्तीचा खाजगी प्रश्न मानला की त्याचे कारण पाहण्याची गरज उरत नाही. रोनाल्ड पर्सर यांनी ‘मॅकमाइंडफुलनेस’ या २०१९ सालच्या पुस्तकात हाच आक्षेप घेतला आहे. आपल्याला तो नवा वाटू नये. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेत चार आर्यसत्यांविषयी प्रश्न उपस्थित करणाऱ्या बाबासाहेबांनी, माणसाने माणसाला दिलेले दुःख धम्माच्या विचारातून कधीच वगळले नव्हते. जातीमुळे अपमानित झालेल्या कर्मचाऱ्याला शवासन शिकवून घरी पाठविणे हा उपचार असेल. समुदयाचा शोध नव्हे.

परंतु ग्रंथाची खरी परीक्षा अंगुत्तरनिकायाच्या दसकनिपातातील पहिल्याच सुत्तावर होते. आनंद विचारतो की, कुशल शीलाचे प्रयोजन काय? उत्तर साखळीच्या रूपाने येते. शीलापासून अविप्पटिसार, म्हणजे मनाला टोचणी नसणे. त्यातून पामोज्ज, मग पीति, मग पस्सद्धि. पस्सद्धीतून सुख, सुखातून समाधी, समाधीतून यथाभूतञाणदस्सन, आणि पुढे निब्बिदा-विराग व विमुत्तिञाणदस्सन. ज्याला आजचा माणूस ताण उतरणे म्हणतो ती पस्सद्धि. आनापानसतीच्या सोळा पायऱ्यांतील चौथी पायरी, कायसंखार शांत करणे, हीही तिच्याच जातीची. म्हणजे ताणमुक्ती या साखळीत आहे, आणि मानाच्या जागी आहे. पण ती मधली कडी आहे. कबात-झिन यांच्या क्रमात ती दोन्ही बाजूंनी कापली गेली आहे. आधीचे शील गेले, कारण रुग्णालयात ते विचारता येत नाही. नंतरचे ज्ञानदर्शन गेले, कारण आराम पडला की काम संपते. बौद्ध परिभाषा टाळण्याचा आपण कसोशीने प्रयत्न केला, हे त्यांनी २०११ सालच्या एका निबंधात स्वतःच नमूद केले आहे. त्यामुळे त्यांना लबाड म्हणता येणार नाही. अपुरे म्हणता येईल.

लगेच पुढच्या सुत्तात एक मार्मिक गोष्ट आहे. शीलवंताला ‘मला अविप्पटिसार होवो’ अशी इच्छा करावी लागत नाही. आधीचे असले की पुढचे आपोआप घडते, तो धर्मस्वभाव आहे. ज्याच्या मनाला फसवणुकीची टोचणी आहे, तो पहाटे उठून शांततेची इच्छा कितीही करो. सत्यनारायण गोएंका १९५५ च्या सुमारास ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले ते अर्धशिशीने त्रस्त होऊन, आणि केवळ डोकेदुखीसाठी धम्म देण्यास सयाजींनी प्रथम नकार दिला, ही हकीकत गोएंका स्वतः सांगत असत. मन शुद्ध करण्यासाठी या, डोकेदुखी जाणे हे त्याचे आनुषंगिक फळ, असे सयाजींचे म्हणणे होते. दसकनिपाताशी ते किती जुळते, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

कबात-झिन सतीचा अर्थ ‘वर्तमान क्षणाकडे, हेतुपुरस्सर, निर्णय न करता दिलेले अवधान’ असा करतात. पीडित रुग्णाला हा अर्थ सोयीचा आहे, कारण तो स्वतःला दोष देणे थांबवितो. पण पालि सति ही स्मृति आहे, तिला काल आणि उद्या दोन्ही असतात. अंगुत्तरनिकायातील नगराच्या दृष्टान्तात ती सीमेवरील नगराचा द्वारपाल आहे: ओळखीच्यांना आत घेतो, अनोळखींना अडवितो. निर्णय न करणारा द्वारपाल कोणत्या नगराला परवडेल?

येथवरचे आक्षेप कदाचित पंडिती वाटतील. आता जे सांगायचे आहे ते तसे नाही. संयुत्तनिकायाच्या आनापानसंयुत्तात आणि विनयाच्या तिसऱ्या पाराजिकेत वेसालीच्या महावनातील एक भयंकर घटना नोंदलेली आहे. भगवंतांनी अशुभभावनेची प्रशंसा केली आणि ते अर्धा महिना एकान्तात गेले. भिक्खूंनी ती भावना जोमाने केली, त्यांना स्वतःच्या देहाची किळस आली, आणि एकेका दिवशी दहा, वीस, तीस भिक्खूंनी देहत्याग केला. परतल्यावर भगवंतांनी संघ विरळ का दिसतो असे विचारले. आनंदाने कारण सांगितले आणि दुसरा एखादा उपाय सांगावा अशी विनंती केली. तेव्हा उरलेल्या भिक्खूंना एकत्र बोलावून आनापानसति शिकविली गेली. उन्हाळ्याच्या अखेरच्या महिन्यात उठलेली धूळ अवकाळी मेघाने खाली बसावी, तशी ती अकुशल विचारांना शांत करते, असे म्हटले.

ज्या परंपरेने आपल्याच इतिहासातील हा प्रसंग झाकून ठेवला नाही, तिच्या वारसांनी ‘ध्यानाने सर्वांचे भलेच होते’ असे फलक लावावेत, याचे आश्चर्य वाटते. ध्यानातून उद्भवणाऱ्या भीती, निद्रानाश, स्वत्व हरपल्याची भावना अशा अनुभवांचा अभ्यास आता पाश्चात्त्य विद्यापीठांतही होत आहे. ब्राउन विद्यापीठातील जेरेड लिंडाल व विलोबी ब्रिटन यांनी बौद्ध साधकांच्या मुलाखतींवर आधारलेला निबंध २०१७ साली प्रसिद्ध केला. आणि येथे कबुली द्यावी लागते की, या बाबतीत त्या अमेरिकन चिकित्सालयाची पद्धत आपल्या पुष्कळ शिबिरांहून अधिक जबाबदार होती. तेथे रुग्ण वैद्याच्या शिफारशीने येत, आणि प्रवेशापूर्वी त्यांची मुलाखत होत असे. आपल्याकडे ताणमुक्तीच्या शिबिराचा अर्ज बहुधा नाव, वय आणि देणगी एवढ्यावर संपतो. खोल विषादाने ग्रासलेला तरुण आणि नुसता थकलेला कारकून एकाच सतरंजीवर, एकाच सूचनेनुसार डोळे मिटतात.

बुद्धघोषाचार्यांनी विसुद्धिमग्गाच्या तिसऱ्या परिच्छेदात चाळीस कम्मट्ठाने सांगितली, पण त्यांतून कोणते कोणाला द्यायचे याची चर्चा अधिक बारकाईने केली. रागचरित, दोसचरित, मोहचरित, सद्धाचरित, बुद्धिचरित, वितक्कचरित असे माणसांचे सहा स्वभाव ते मानतात, आणि ते कसे ओळखावेत हेही सांगतात. आचार्याने शिष्याची चाल पाहावी, तो जेवतो कसा ते पाहावे. अंगण झाडताना पाहावे: रागचरित केरसुणी नीट धरून, घाई न करता, सारखे झाडतो, दोसचरित ती आवळून धरतो, खरखर आवाज करीत घाईघाईने झाडतो, आणि जमीन स्वच्छही होत नाही, सारखीही होत नाही.