चोरी की देशद्रोह?

एखाद्या संशोधकाने आपल्या कंपनीची गुप्त प्रक्रिया परदेशी कंपनीला विकली, अशी बातमी आली की तिच्यापाठोपाठ 'देशद्रोह' हा शब्द येतोच. वर्गातील चर्चेतही तो सहज वापरला जातो. वजन आणि वस्तुमान यांची गल्लत आपण विद्यार्थ्यांना करू देत नाही. मग चोरी आणि देशद्रोह यांची गल्लत का चालवून घ्यावी?

1789 मध्ये सॅम्युएल स्लेटर हा तरुण कारागीर इंग्लंडहून अमेरिकेला गेला. सूत कातण्याच्या आर्कराइट पद्धतीच्या यंत्रांची माहिती त्याच्या डोक्यात होती. अशी यंत्रे आणि ती जाणणारे कारागीर देशाबाहेर जाण्यास इंग्लंडमध्ये तेव्हा कायद्याने बंदी होती. स्लेटरने अमेरिकेत गिरणी उभारली. तिथे तो औद्योगिक क्रांतीचा जनक ठरला, तर त्याच्या मूळ गावी त्याला देशद्रोही म्हटले गेले. कृती एकच, माणूसही एकच. फक्त पाहणारा बदलला. ज्या शब्दाचा अर्थ पाहणाऱ्यागणिक बदलतो, तो मोजपट्टी म्हणून कसा वापरता येईल?

कायद्याने या शब्दाला पुष्कळच आवर घातलेला आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार देशाविरुद्ध युद्ध करणे किंवा शत्रूला साहाय्य करणे एवढाच देशद्रोह. तो सिद्ध करायला एकाच उघड कृत्याचे दोन साक्षीदार हवेत, नाहीतर आरोपीने भर न्यायालयात कबुली द्यायला हवी. अणुबाँबची माहिती सोव्हिएत संघाला देणाऱ्या क्लाउस फुक्स या भौतिकशास्त्रज्ञावर 1950 मध्ये ब्रिटनमध्ये खटला झाला, तोही देशद्रोहाचा नव्हे, तर सरकारी गुपिते फोडल्याचा. शिक्षा झाली 14 वर्षांची. कारण माहिती दिली तेव्हा सोव्हिएत संघ ब्रिटनचा शत्रू नव्हता, युद्धातला मित्र होता. अणुबाँबच्या गुपिताची ही गत, तर एखाद्या रंगाच्या किंवा औषधाच्या कृतीचे काय?

खासगी गुपिताबाबत तर आणखी एक साधा प्रश्न विचारता येतो. ज्या कंपनीची ती कृती आहे, तीच कंपनी ती उद्या परदेशी कंपनीला राजरोस विकू शकते का? बहुतेक वेळा उत्तर 'होय' असे येते. मग मालकाने विकली तर व्यापार, आणि नोकराने चोरून दिली तर देशद्रोह, हे कसे? नोकराने मालकाचा विश्वासघात केला, त्याचे नुकसान केले. हा गुन्हाच आहे आणि त्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण फसवला गेला तो मालक.

यावर एक आक्षेप रास्त आहे. विमाने, उपग्रह, क्षेपणास्त्रांचे भाग आज खासगी कारखान्यांतही बनतात. त्यांची माहिती गेली तर देशाचेही नुकसान होते. परंतु त्यासाठीही नेमके कायदे करता येतात. अमेरिकेने 1996 मध्ये आर्थिक हेरगिरीचा कायदा केला. त्यात व्यापारी गुपिताच्या साध्या चोरीला जास्तीत जास्त 10 वर्षे, आणि परकीय सरकारच्या फायद्यासाठी केलेल्या चोरीला 15 वर्षे कैद ठेवली. बोइंगमधील एक अभियंता 2009 मध्ये याच कायद्याखाली दोषी ठरला. त्याला 15 वर्षांहून अधिक शिक्षा झाली, आणि त्यासाठी 'देशद्रोह' या शब्दाची गरज पडली नाही.

उलट हा शब्द सैल सोडला की काय होते, हे आपल्याकडे घडून गेले आहे. 1994 मध्ये इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना अग्निबाणांची गुपिते परदेशी विकल्याच्या आरोपावरून अटक झाली. हे गुपित सरकारी होते, खासगी नव्हे. पण शब्दाची करणी तीच. चौकशी पुरी होण्याआधीच ते अनेकांच्या लेखी देशद्रोही ठरले. जी क्रायोजेनिक इंजिने विकल्याचे बोलले जात होते, ती तेव्हा भारताने बनवलेलीच नव्हती. देशी क्रायोजेनिक इंजिनाचे पहिले यशस्वी उड्डाण 2014 मध्ये झाले. ही शंका विज्ञानाच्या कोणाही शिक्षकाला सुचली असती. केंद्रीय अन्वेषण विभागाने 1996 मध्ये आरोप निराधार ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये 50 लाख रुपये भरपाई देवविली. मधली वर्षे मात्र कोणी परत देऊ शकत नाही.

भारतात व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने मार्च 2024 मध्ये केली. तिचे आम्ही स्वागत करतो. गुन्ह्याची व्याख्या नेमकी असली की निरपराधाला बचाव करता येतो, आणि अपराध्यालाही पळवाट सापडत नाही. शिवाय विज्ञान चालते ते देवाणघेवाणीवर. परदेशी सहकाऱ्याला पत्र लिहिताना, परिषदेत आकृती दाखवताना तरुण संशोधकाला देशद्रोहाच्या शिक्क्याची धास्ती वाटू लागली, तर नुकसान देशाचेच होईल.

तेव्हा अशी बातमी वर्गात चर्चेला आली, तर विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला लावावेत. गुपित कोणाचे होते? ते कोणाला दिले? त्याने नक्की काय बिघडले, आणि त्याचा पुरावा काय? या तिन्हींची उत्तरे हाती आल्यावर गुन्ह्याला नाव द्यावे. तोवर 'आरोप' हा शब्द पुरेसा आहे.