फोटो कुणाचा, निगेटिव्ह कुणाची?

साथींनो, काळ्यांच्या साहित्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरवरून नाव घेऊनच. त्याच्याही आधी, १९४६ साली, बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या डू बॉइस यांना पत्र लिहिलं. काळ्यांनी राष्ट्रसंघाकडं दिलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. डू बॉइसनी उत्तरही दिलं. हे आपल्याला पाठ आहे. भाषणात येतं.

पण त्याच १९४६ साली हेच डू बॉइस एका गोऱ्या माणसाच्या कॅमेऱ्यापुढं बसले होते, हे भाषणात येत नाही. त्या माणसाचं नाव कार्ल व्हॅन व्हेक्टन. आज या माणसावर लिहायचंय. त्याहीपेक्षा त्याच्यापुढं बसलेल्या बायकांवर लिहायचंय. त्या गाणाऱ्या होत्या, लिहिणाऱ्या होत्या, नाचणाऱ्या होत्या. काळ्या होत्या. आणि कॅमेरा गोऱ्याचा होता.

आधी माणूस. जन्म १८८० चा, आयोवा राज्यातला. न्यूयॉर्कच्या पेपरात संगीतावर आणि नाचावर लिहायचा. नंतर कादंबऱ्या लिहिल्या. घरचा वारशाचा पैसा आला, पोटाची चिंता मिटली. हार्लेममध्ये काळ्या लेखकांची चळवळ जोरात होती तेव्हा हा तिथं पडीक असायचा. लँग्स्टन ह्यूजचं पहिलं पुस्तक १९२६ ला निघालं, त्यात याचा हात होता, प्रस्तावनाही याचीच. हे नाकारू नये.

पण त्याच वर्षी यानं हार्लेमवर एक कादंबरी काढली आणि तिच्या नावातच काळ्यांना देतात ती शिवी घातली. गोऱ्यांच्या थिएटरात काळ्यांना सगळ्यात वरच्या माळ्यावर बसवायचे, त्या माळ्याला त्या शिवीचा 'स्वर्ग' म्हणायचे. ते नाव यानं उचललं. त्याच्या स्वतःच्या बापानं लिहून कळवलं होतं की हे नाव ठेवू नकोस. यानं ऐकलं नाही. डू बॉइसनी त्या कादंबरीला चांगलाच चोप दिला. आणि वीस वर्षांनी तेच डू बॉइस त्याच्यापुढं फोटोला बसले. माणसामाणसातले व्यवहार असे सरळ नसतात. म्हणून 'गोरा आहे, फेकून द्या' एवढ्यावर मला थांबता येत नाही.

१९३२ ला, पन्नाशी उलटल्यावर, त्यानं लायका कॅमेरा हातात घेतला. पुढं १९६४ ला मरेपर्यंत फोटोच काढत राहिला. धंदा नव्हता. ज्याला बसवायचं त्याला घरी बोलवायचा, प्रिंट वाटायचा. मागं नक्षीची कापडं लावायचा, चुरगाळलेला चमकदार कागद लावायचा. आता विचार करा. एक बाई येते. अंगात तिचे तिचे कपडे असतात, डोक्यात तिचं तिचं काही चाललेलं असतं. आणि पडदा आधीच टांगून तयार आहे. तो तिनं निवडलेला नाही.

मी सूतगिरणीत आहे. भरती झालो तेव्हा ओळखपत्राचा फोटो काढला. 'मान सरळ, हसू नको' म्हणाला. खाली नंबर छापला आणि आडनाव चुकवलं. तो फोटो माझा आहे, पण माझ्यासाठी काढलेला नाही. गेटवरच्या माणसासाठी काढलाय. फोटो बघताना मी हाच प्रश्न आधी विचारतो: हा कुणासाठी काढलाय?

बेसी स्मिथ घ्या. टेनेसीतल्या चॅटनूगाची पोरगी. आईबाप लहानपणीच गेले, भावाबरोबर रस्त्यावर गाऊन पोट भरलं. १९२३ पासून तिच्या रेकॉर्डी धडाधड खपल्या, लोक तिला ब्लूजची सम्राज्ञी म्हणायला लागले. १९२८ ला या व्हॅन व्हेक्टननं तिला आपल्या घरच्या पार्टीला बोलावलं. रूबी वॉकर ही बेसीच्या नवऱ्याच्या नात्यातली, तिनं पुढं सगळं सांगितलं आणि ते १९७२ च्या चरित्रात आलं. बेसी गायली. निघताना यजमानाच्या बायकोनं गळ्यात हात टाकून मुका घ्यायला तोंड पुढं केलं. बेसीनं तिला सरळ जमिनीवर पाडलं आणि शिव्या हासडल्या. पांढरपेशा माणूस ही गोष्ट 'बघा, किती रांगडी' म्हणून सांगेल. मला त्यात वेगळं दिसतं. गाणं ऐकायला बोलावलंस, गाणं दिलं. माझं अंग दिलेलं नाही.

त्याच बेसीचा फोटो त्यानं १९३६ च्या फेब्रुवारीत काढला. हातात पिसं दिलेली आहेत. तेव्हा तिचा रेकॉर्डींचा जमाना मागं पडला होता, शेवटची रेकॉर्ड १९३३ ची. पिसं सम्राज्ञीची, आणि हातात काम कमी. दीड वर्षात, १९३७ च्या सप्टेंबरात, मोटार अपघातात ती गेली. तिच्या थडग्यावर १९७० पर्यंत दगडसुद्धा नव्हता. फोटो मात्र जपून ठेवलेला होता. बाईचं चित्र सांभाळलं जातं आणि बाई बिनदगडाची पडून राहते, ही गोष्ट मला फोटोपेक्षा मोठी वाटते.

झोरा नील हर्स्टन हिची गोष्ट निराळी. ही लेखिका, आणि मानववंशशास्त्र शिकलेली. फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या काळ्यांच्या स्वतःच्या गावात वाढली. लोककथा गोळा करायला गावोगाव हिंडली. त्या कामाला पैसा एका श्रीमंत गोऱ्या बाईचा: १९२७ च्या करारानं महिना २०० डॉलर, आणि जे गोळा होईल ते त्या बाईच्या मालकीचं. म्हणजे आजीच्या तोंडची गोष्टसुद्धा नातीची राहिली नाही. अशी बाई १९३४ ला व्हॅन व्हेक्टनपुढं बसली. प्रिंट हातात आल्यावर तिनं त्याला पत्र लिहिलं. आशय असा की हसतानाची मी मला आवडते, आणि कडक, दरारा बसवणारी दिसते तेव्हाचीही आवडते. साथींनो, हे आभाराचं पत्र नाही. ही समीक्षा आहे. जिचा फोटो आहे तीच सांगते की यातली कुठली मी खरी. १९३८ च्या फोटोत तिरकी हॅट घालून ती हसते तेव्हा मागचा पडदा कुणाला आठवत नाही. तिथं ती जिंकली.

पुढं? १९५० ला ती मायामीत लोकांच्या घरी मोलकरणीचं काम करत होती. १९६० ला सरकारी आश्रयगृहात मेली. थडग्याला खूण नव्हती. १९७३ ला अॅलिस वॉकर ही काळी लेखिका गवतात शिरून जागा शोधत गेली आणि तिनं दगड बसवला. १९७९ ला तिनं झोराच्या लिखाणाचं पुस्तक काढलं, त्याचं नाव झोराच्या त्या पत्रातल्या बोलण्यावरूनच ठेवलं. फोटो काढणारा गोरा होता, पण फोटोखालचं वाक्य शेवटी बाईचंच राहिलं. ते दुसऱ्या बाईनं राखलं.

आता बिली हॉलिडे. १९४७ ला तिला अमली पदार्थांच्या केसमध्ये पकडलं, तुरुंगात घातलं. १९४८ ला सुटली. पण न्यूयॉर्कच्या दारू विकणाऱ्या क्लबांत गायचा परवाना गेला तो गेलाच. म्हणजे गळा शाबूत आणि गायला जागा नाही. गिरणीच्या गेटबाहेर काढलेल्या कामगारासारखं. अशा दिवसांत, १९४९ च्या मार्चमध्ये, ती फोटोला आली. पुढचं सगळं त्यानंच लिहून ठेवलंय. ती उशिरा आली, साधा करडा सूट घातलेला, चेहरा उतरलेला. त्याला वाटलं, आजची रात्र वाया गेली. कपडे बदलून पाहिले, काही जमेना. मग त्यानं आपण काढलेले बेसी स्मिथचे फोटो तिच्यापुढं ठेवले. बिली रडायला लागली. बेसीच्या गाण्यानंच आपण गायला लागलो, असं तिनं सांगितलं. त्यानंतर चेहरा मोकळा झाला, फोटो उतरले. मध्येच ती घरी जाऊन आपला कुत्रा घेऊन आली आणि पहाटे पाचपर्यंत आपली सगळी कहाणी सांगत बसली.

त्याला वाटलं आपली युक्ती लागू पडली. मी म्हणतो, तिथं युक्ती नव्हती. एका काळ्या बाईचा चेहरा दुसऱ्या काळ्या बाईला भेटला, बारा वर्षांपूर्वी मेलेली बाई जितीला भेटली. फोटोग्राफर त्या वेळी फक्त बाजूला उभा होता. त्याचे सगळ्यात चांगले फोटो तो बाजूला उभा राहिला तेव्हाचे आहेत. आणि दुसरी गोष्ट: रात्रभर तिनं जे सांगितलं ते फोटोत नाही. त्या रात्रीची हकीगत आपल्याला मिळते ती त्याच्या तोंडून. करडा सूट तिनं का घातला होता, हे तिला कुणी विचारलं?

विचारणारा चाळीस वर्षांनी आला. ब्रायन लँकर, हाही गोराच. १९८९ ला यानं पंचाहत्तर काळ्या बायकांच्या फोटोंचं पुस्तक काढलं. नाव लँग्स्टन ह्यूजच्या कवितेवरून घेतलं: 'आय ड्रीम अ वर्ल्ड'. त्यात रोझा पार्क्स आहे, अँजेला डेव्हिस आहे, झोराचं थडगं शोधणारी अॅलिस वॉकर आहे. फरक हा की प्रत्येक फोटोशेजारी त्या बाईचं स्वतःचं बोलणं छापलंय. कव्हरवर सेप्टिमा क्लार्क. ही शाळामास्तरीण. १९५६ ला काळ्यांच्या संघटनेची सभासद म्हणून नोकरीवरून काढलेली, मतदानासाठी लिहावाचायला शिकवत गावोगाव हिंडलेली. म्हातारी बाई, बाजूनं घेतलेला चेहरा, सुरकुत्या जशाच्या तशा. पिसं नाहीत. तरी तिथंही कोण निवडायची आणि कोण गाळायची हे लँकरच ठरवतो. पण निदान बाई मुकी नाही.

आणि या दोघांच्या आधीची एक बाई. सोजर्नर ट्रुथ, गुलामीत जन्मलेली, लिहितावाचता न येणारी. हिनं आपले फोटो काढून घेतले, सभांत विकले आणि त्या पैशावर चळवळ चालवली. १८६४ ला फोटोचा हक्क स्वतःच्या नावावर नोंदवला. खाली छापलं की मी सावली विकते ती देह पोसायला. फोटोत तिच्या हातात विणकाम आहे. मी सुतातला माणूस, माझं लक्ष आधी त्या धाग्याकडं गेलं. धागा तिचा, फोटो तिचा, हक्क तिचा. न शिकलेल्या बाईला जे कळलं ते शिकलेल्यांना शंभर वर्षं कळलं नाही.

आता आपल्याकडं या. आपल्या कवितांत आई असते. डोक्यावर पाटी, पायात भेगा, डोळ्यांत पाणी. अंकामागून अंक काढून बघा, तिला नाव नसतं. ती बोलत नाही. आपणच पडदा टांगलेला असतो, वेदनेचा, आणि तिला पुढं उभी करतो. ती हसते तेव्हा? ती कडक होते, सासऱ्याला, सरपंचाला, नवऱ्याला उलटून बोलते तेव्हा? झोरानं मागितलेली दोन्ही रूपं आपण आपल्या बायकांना दिलीत का?

मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी हे काम केलंय. त्या चळवळीतल्या म्हाताऱ्या बायकांच्या दारात गेल्या, त्यांना बोलतं केलं, आणि 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं तेही १९८९ लाच. दोन देशांत एकाच वर्षी. आपल्यातल्या किती जणांनी ते वाचलंय ते ज्यानं त्यानं बघावं.

१९४२ ला नागपूरला बायकांची परिषद झाली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. त्या वेळचा बाबासाहेबांबरोबरचा बायकांचा फोटो कित्येक वस्त्यांत, कित्येक पुस्तकांत आहे. मधे बाबासाहेब, भोवती लुगडी नेसलेल्या बायका, ताठ. त्यातल्या किती जणींची नावं आपल्याला येतात? बाबासाहेबांचं नाव सांगायला कुणी लागत नाही. त्या बायका आता नसतील, पण त्यांच्या लेकी, सुना, नाती आहेत. तो फोटो घेऊन त्यांच्याकडं जा. बोट ठेवून विचारा, ही कोण? काय बोलली होती? कुठून तिकीट काढून आली होती? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा, सुधारू नका. आणि त्यांचा फोटो काढलात तर आधी तो त्यांना दाखवा, त्या म्हणतील तोच छापा, आणि एक प्रिंट त्यांच्या घरी द्या.

दलित साहित्याच्या समीक्षेवर चर्चासत्रं पुष्कळ झाली. हे काम एका रविवारचं आहे. जय भीम.