पंडिता रमाबाई आणि नम्रतेची कसोटी

मीरा-भाईंदरच्या पश्चिमेस, उत्तनच्या किनाऱ्यावर, कोळी कॅथलिकांची जुनी वस्ती आहे. प्रायश्चित्तकाळांत तेथील भाविक आपलें पाप धर्मगुरूपुढें स्वतः सांगतो व त्याचा बोध खालीं मान घालून ऐकतो. ही नम्रता सोपी नसली तरी सरळ आहे; कारण दोष दोषीनेंच ओळखलेला असतो. परंतु दोष दुसऱ्यानें दाखवावा आणि आपल्यास तो दोषच वाटूं नये, अशा वेळीं ख्रिस्ती माणसाच्या नम्रतेनें काय करावें? हा प्रश्न ज्यास पडला असेल त्यानें पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार अवश्य वाचावा. सिस्टर जेराल्डीन यांनीं जमविलेला हा इंग्रजी संग्रह अ. भि. शहा यांनीं संपादिला व १९७७ मध्यें महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें तो प्रसिद्ध केला.

रमाबाई १८८३ मध्यें इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षीं २९ सप्टेंबरला वाँटेज येथें, कन्या मनोरमेसह, त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील अँग्लिकन मठांतील जेराल्डीनबाई त्यांच्या आध्यात्मिक माता. पुढें रमाबाई चेल्टनहॅमच्या विद्यालयांत राहूं लागल्या आणि पत्रांतून वाद पेटला. त्रैक्याचें तत्त्व हा त्यांतला मोठा विषय. पण क्रूसावरील अक्षरें लॅटिन असावीं कीं संस्कृत, जेवणांत काय वर्ज्य करावें, याही गोष्टी त्यांत आल्या. रमाबाईंनीं तरुण पुरुषांस शिकवूं नये असा बिशपांचा सल्ला आला. १८७८ मध्यें कलकत्त्याच्या विद्वानांनीं जिला ‘पंडिता’ म्हणून गौरविलें, तिला हा उपदेश! प्रत्येक प्रसंगीं जेराल्डीनबाईंचें निदान मात्र ठरलेलें: गर्व.

रमाबाईंच्या उत्तरांत धार आहे, क्वचित् उपहासही आहे. तो झांकण्याचें कारण नाहीं. तरी त्याच पत्रांत, जातीचे संस्कार आपल्यांतून पुरते गेलेले नाहींत, हें त्या कबूल करतात. जें खरें तें घेतलें. जें केवळ अधिकारानें सांगितलें तें नाकारलें. विद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशीं त्यांचा सूर निराळा लागतो. मतभेद तेथेंही आहेत; पण बीलबाई आज्ञा करीत नाहींत, युक्तिवाद करतात, आणि रमाबाई शिष्येच्या धीरानें तो ऐकतात. नम्रतेचा हिशेब एकट्या ऐकणाऱ्याकडे मागणें म्हणूनच अन्यायाचें आहे.

१९०७ मधील आपल्या आत्मनिवेदनांत रमाबाईंनीं स्वतःवर जो ठपका ठेविला तो जेराल्डीनबाईंच्या कोणत्याही पत्राहून कठोर आहे. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं आपणांस कळलें कीं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सांपडला होता, ख्रिस्त सांपडला नव्हता, असें त्या लिहितात. विल्यम हॅस्लम या धर्मोपदेशकाच्या पुस्तकाचा ही जाणीव होण्याच्या कामीं उपयोग झाला. तर मग जेराल्डीनबाईच खऱ्या होत्या काय? मला तसें वाटत नाहीं. त्यांनीं मागितली होती चर्चच्या निर्णयापुढें शरणागति; रमाबाईंना आढळलेली उणीव अगदीं वेगळ्या ठिकाणची होती.

जेराल्डीनबाईंविषयीं मात्र एक गोष्ट नमूद केली पाहिजे. संग्रहांतील त्यांच्या टिपणांतून नाराजी लपत नाहीं. तरीही ज्या पत्रांनीं त्यांचें म्हणणें खोडून काढलें तींही त्यांनीं जपलीं, आणि पुढील वाचकांच्या हवालीं केलीं.