बडा फुहारा आणि सांस्कृतिक गुंतवणूक

जबलपूरच्या जुन्या वस्तीत, ऐन बाजाराच्या मध्यभागी जे कारंजे आहे, त्याला गाव ‘बडा फुहारा’ म्हणते. ‘फव्वारा’ या शब्दाऐवजी ज्याच्या ध्वनीत ‘फुहार’, म्हणजे पावसाची भुरभुर ऐकू येते, तेच रूप गावाने जवळ केले. अनुवादकाला असे शब्द अडवितात. मराठीत ‘मोठे कारंजे’ लिहिले तर वस्तू कळते, परंतु चौक हरवतो. कारण हे नाव आता एका वस्तूचे उरलेले नसून भोवतालच्या साऱ्या बाजाराचे आणि वहिवाटीचे झाले आहे. वस्तू आणि तिच्याभोवती साठलेले जीवन यांतील हा भेद अनुवादापुरताच महत्त्वाचा आहे असे नव्हे. नगराने कला आणि वारसा यांवर केलेल्या खर्चाचे मूल्यमापन करतानाही तोच निर्णायक ठरतो, असे मला वाटते.

‘सांस्कृतिक गुंतवणूक’ हा शब्दप्रयोग अर्थसंकल्पाच्या परिभाषेतून आपल्या चर्चेत आला. हिंदीतील ‘निवेश’ या शब्दात आत ठेवण्याची क्रिया आहे. ठेवणारा स्वतः बाहेर राहू शकतो. मराठी शब्दाच्या मुळाशी मात्र ‘गुंतणे’ आहे, आणि आपल्या भाषेत पैशाप्रमाणे जीवही गुंततो. म्हणून किती रक्कम खर्ची पडली हा हिशेबनिसाचा प्रश्न झाला. त्या खर्चात नगराचा जीव कोठे गुंतला, हा समीक्षकाचा.

कायद्याच्या दृष्टीने ही जबाबदारी संदिग्ध नाही. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरसंस्थांच्या 18 विषयांची यादी आहे. तीत सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक अंगांचे संवर्धन हा तेरावा विषय आहे. रस्ते, पाणीपुरवठा आणि स्मशानभूमी यांच्याच पंक्तीला सौंदर्य बसविले गेले, ही घटना वाङ्मयाच्या अभ्यासकांनी पुरेशा गांभीर्याने घेतलेली दिसत नाही.

जबलपूरला हा विचार नवा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजा गोकुळदास यांच्या साह्याने खंदारी तलावाचे पाणी शहराला मिळू लागले. त्यांचेच नातू सेठ गोविंददास हिंदीतील नाटककार आणि लोकसभेतील हिंदीचे कैवारी म्हणून ख्यात झाले. पाणी आणि शब्द यांची चिंता एकाच घराण्याने वाहावी, हे सूचक आहे. फुहाऱ्याजवळील कमानिया गेट 1939 च्या त्रिपुरी काँग्रेसची स्मृती जपते. सुभद्राकुमारी चौहान 1948 साली अपघातात निवर्तल्या, आणि दुसऱ्याच वर्षी, 27 नोव्हेंबर 1949 रोजी, त्यांच्या पुतळ्याचे नगरपालिकेच्या आवारात महादेवी वर्मा यांच्या हस्ते अनावरण झाले. शहीद स्मारकाच्या भिंतींवर ब्योहार राममनोहर सिन्हा यांनी शांतिनिकेतनच्या संस्कारातून स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास रंगविला. घटनेच्या उद्देशिकेचे पान सजविणारा हात हाच. या खर्चांत द्रव्य बेताचे होते. परंतु ते आपल्या माणसांसाठी आणि आपल्या माणसांच्या हातून झाले होते.

28 जानेवारी 2016 रोजी ‘स्मार्ट सिटी’ योजनेच्या पहिल्या 20 शहरांत जबलपूरची निवड झाली. केंद्राकडून प्रत्येक शहराला पाच वर्षांत सुमारे 500 कोटी रुपये मिळावेत, अशी तरतूद होती. योजना 31 मार्च 2025 रोजी संपली. तिच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. दोष तिच्या घडणीत होता. खर्च भांडवली, अंमलबजावणी स्वतंत्र कंपनीकडे आणि मुदत ठरलेली. अशी योजना इमारत उजळू शकते. परंतु ग्रंथपालाचे वेतन, दरवर्षीची ग्रंथखरेदी, नाटकमंडळींना तालमीची जागा या गोष्टी प्रतिवर्षी पुन्हा कराव्या लागतात, आणि त्यांच्या उद्‌घाटनाची कोनशिला बसत नाही.

येथे एक सबळ आक्षेप संभवतो. संस्कृती नगरसंस्थेच्या पैशावर कधी जगली आहे काय? गोविंदगंजची रामलीला दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा सांगते. सुनरहाईच्या दुर्गेला दागिन्यांनी मढविणारे हात लोकांचेच. हरिशंकर परसाई आणि त्यांच्या मित्रांनी 1956 साली ‘वसुधा’ काढले; 1973 पासून ज्ञानरंजन यांनी ‘पहल’ चालविले. ज्या परसाईंच्या उपहासाला सत्ता हेच खाद्य होते, त्यांना सत्तेने पोसावे ही अपेक्षाच विसंगत नव्हे काय?

आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य करावा लागेल. लेखणीला अनुदान नको. परंतु ‘वसुधा’ तोटा सोसत चालले आणि अखेर बंद पडले, हेही विसरून चालणार नाही. लोकांचा उत्साह निर्मिती करतो; निर्मितीचे जतन मात्र त्याच्याच्याने नेहमी होत नाही. मध्यंतरी अनुवादाच्या कामासाठी जुन्या हिंदी नियतकालिकांचे अंक पाहण्यास मी एका ग्रंथालयात गेलो. दिवाणखाना नुकताच रंगविलेला होता; कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते निवृत्त झाले होते, आणि त्यांची जागा भरलेली नव्हती. कपाट अखेर उघडले तेव्हा हवे ते अंक वाळवीने खाल्ले होते. तो अनुवाद मी पुढे नेऊ शकलो नाही.

मराठी वाचकाने याकडे परक्याचे दुःख म्हणून पाहू नये. घरात मराठी बोलणारे गजानन माधव मुक्तिबोध काही काळ याच शहरात शिक्षक होते. ते हिंदीचे झाले. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीचे राहिले आणि 1979 साली ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या समीक्षाग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दोन भाषांना जोडणारे असे दुवे जुन्या अंकांच्या पानांतच शोधावे लागतात. ती पाने गेली की उरतात ती केवळ नावे.

तेव्हा नगराकडे मागणे थोडे आहे. लेखकाला काही देऊ नये. त्याने लिहिलेले सांभाळावे. नटाला गौरवू नये. त्याला सायंकाळी दार उघडे मिळावे. कारंज्याची डागडुजी एकदा करून भागते. त्याला पाणी रोज सोडावे लागते.